चाकाचे नट इथेच आवळून मिळतील

गेल्या महिन्यात तालुक्याच्या एका साप्ताहिकात माझा फोटो छापून आला. खांद्यावर शाल, हातात नारळ, शेजारी सरपंच. खाली मजकूर असा की, पंच्याहत्तरी पूर्ण केल्याबद्दल गावानं माझा सत्कार केला आणि सत्काराला उत्तर देताना मी आयुष्यातली एक जुनी चूक कबूल करून मनाचा मोठेपणा दाखवला. मुलानं ते कात्रण फ्रिजवर चिकटवलं. सुनेनं त्याचा फोटो काढून साऱ्या नातेवाइकांना पाठवला.

ती बातमी मी तीन-चार वेळा वाचली. तिच्यात कचरू मिस्तरीचं नाव कुठंच नाही. कौसाबाईचं नाही. चूक कोणती, तेही नाही. मोठेपणा मात्र आहे, आणि तो माझा आहे.

म्हणून हे लिहायला बसलो. मुलगा म्हणाला, "अण्णा, झालं ना एकदा बोलून? आता कशाला उकरून काढता?" मी म्हणालो, "फ्रिज तुझा आहे, त्यावर काय लावायचं ते तू ठरव. वही माझी आहे."

आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं. मी आता मुलाकडं शहरात राहतो. पण माझं सगळं बरंवाईट त्या गावात झालं. गावाच्या फाट्यावर, रस्त्याला लागून, कचरूचं पत्र्याचं शेड होतं. अजून आहे. कचरू ठेंगणा, वाळका, आणि अंगात कायम पांढरा शर्ट. ट्रॅक्टरखाली झोपून काम करणाऱ्या माणसानं पांढरा शर्ट घालावा, याचं सगळ्यांना हसू यायचं. कोणी विचारलं की तो म्हणायचा, "तेल कुठून गळतंय ते डोळ्याला दिसायच्या आधी शर्टाला दिसतं. काळा शर्ट घालून फसवू कोणाला?" संध्याकाळी त्या शर्टावर दिवसभराच्या सगळ्या ट्रॅक्टरांची हकिकत असायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा पांढराशुभ्र.

माझा ट्रॅक्टर घेतला तेव्हाच जुना होता. जुन्या ट्रॅक्टरचा एकही बोल्ट आपल्या जागी स्वस्थ बसत नाही. नांगरटीचे हादरे, खडकाळ वाट, ट्रॉलीचे हिसके. प्रत्येक दिवस त्याला थोडा थोडा सैल करतो. कचरू दर पंधरा-वीस दिवसांनी येऊन तो सगळा तपासायचा. बोलवावं लागायचं नाही. वाड्यासमोर आला की आधी मोठ्यानं "जय भीम, अण्णा!" म्हणायचा. मी "हां, ये ये" म्हणायचो. त्याला ठाऊक होतं की मी तेवढंच म्हणणार. तरी पुढच्या वेळी त्याचा आवाज एक पट्टी वरच चढलेला असायचा.

मग हात पाठीमागं बांधून तो ट्रॅक्टरला एक फेरी मारायचा. कशालाही हात न लावता. फेरी झाली की पिशवीतून लहान हातोडी काढायची आणि पुढच्या चाकांपासून सुरुवात. नटावर हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. घट्ट नट खणकन वाजतो. सैल झालेला भसका वाजतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा. स्टेअरिंगचे सांधे, रेडिएटरचे बोल्ट, मग इंजिन जिथं गिअरबॉक्सला जोडलेलं असतं ती जागा. तिथं तो हमखास थांबायचा. "अण्णा, ही ट्रॅक्टरची कंबर हाय. हितले बोल्ट गेले की म्हातारा बसला म्हणून समजा." शेवटी मागची मोठी चाकं आणि ट्रॉलीचा हूक.

आवळण्याची त्याची एक रीत होती. एक नट आवळला की त्याच्या शेजारचा लगेच आवळायचा नाही, समोरचा आवळायचा. मग पुन्हा अलीकडचा, पुन्हा पलीकडचा. गावातली पोरं पान्याला लांब पाइप लावून त्यावर उभी राहायची. ते पाहून तो चिडायचा. "आरं, नट आवळायचा असतोय. त्याच्यावर सूड उगवायचा नसतोय."

आणि आवळून झालं की नेलपॉलिश. होय, बायका नखांना लावतात ते. लाल रंगाचं. आठवडी बाजारातल्या बांगड्यांच्या दुकानातून तो ते घ्यायचा. त्या दुकानदारानं एकदा चारचौघांत विचारलं, "मिस्तरी, महिन्याला एक बाटली? मालकिणीला हात हायेत तरी किती?" कचरू म्हणाला, "मालकीण रंग लावत नाय. ट्रॅक्टरला लावतो. त्याला नटायची लई हौस." त्या बाटलीतल्या इवल्याशा ब्रशनं तो प्रत्येक नटावरून चाकाच्या पत्र्यावर एक सरळ रेघ ओढायचा. अर्धी रेघ नटावर, अर्धी पत्र्यावर. नट जराही फिरला की रेघ तुटते आणि लांबून दिसतं. "माझं काम संपलं कुठं आणि दुसऱ्याचं चालू झालं कुठं, ते ही रेघ सांगती," असं तो म्हणायचा. हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं होतं, आणि त्याचा अर्थ मला नीट कळत होता. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

कचरू कोणालाच वचकून नव्हता. एकदा तालुक्याच्या एका पुढाऱ्याचा ट्रॅक्टर मिरवणुकीला निघाला असताना फाट्यावर बंद पडला. कचरूनं तो चालू करून दिला, पण जाता जाता हुकाची पिन झिजलेली पाहिली आणि चावी काढून खिशात टाकली. ट्रॉलीत पंचवीस माणसं, झेंडे, ताशे. पुढारी जीपमधून उतरला.

"काय रे, वळखलं नाहीस का मला?"

"वळखलं की साहेब. मीच मत दिलंय तुमाला. पन पिनीला तुमचा पक्ष ठाऊक नाय. ती मोडली की समदे पक्ष एकाच खड्ड्यात."

पिन बदलेपर्यंत मिरवणूक तासभर खोळंबली. ताशेवाले रस्त्याकडेला वाजवत बसले. कचरू ट्रॉलीखाली त्यांच्या ठेक्यावर हातोडी चालवत होता.

आता चहाचं सांगतो. हे सांगायला मला जड जातं.

कचरू आमच्याकडं काम करायला आला की त्याला चहा मिळायचा, पण त्याचा पेला गोठ्यातल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. हा नियम मी केला नव्हता. मोडलाही नव्हता. एक-दोन वेळा तो त्यातून प्याला. तिसऱ्या वेळी येताना त्यानं खांद्याला थर्मास अडकवून आणला. काम झाल्यावर ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसला, म्हणजे ओट्यावर बसलेल्या आम्हा सगळ्यांपेक्षा दोन हात उंच. थर्मासचं टोपण उघडून त्यात चहा ओतला आणि माझ्यापुढं धरला.

"घ्या अण्णा. आज माज्याकडनं."

ओट्यावर माझा भाऊ होता, गावातली आणखी चार माणसं होती. सगळी माझ्याकडं पाहत होती. मी म्हणालो, "नको रे. मला पित्त आहे."

"आसं का," कचरू म्हणाला आणि तो चहा सावकाश फुंकून फुंकून स्वतः प्याला. त्यानंतर गावात माझं नाव त्यानं 'पित्तवाले अण्णा' करून टाकलं. मी कुठं लग्नात दिसलो की पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडायचा, "अण्णाला तिखट वाढू नका रे, पित्त हाय त्यांना!" लोक हसायचे. मीही हसायचो. कोनाड्यातला पेला मात्र त्यानंतर आमच्या घरात कोणी काढला नाही, कारण तो कशातून पिणार हे त्यानंच ठरवून टाकलं होतं.

ही गोष्ट घडल्याला बावीस वर्षं झाली. दसरा तोंडावर होता. खंडेनवमीला आमच्याकडं ट्रॅक्टरची पूजा असते, आणि त्या वर्षी सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत पुढं माझा ट्रॅक्टर असणार होता. आठवडाभर आधी कचरूनं तो पुढून मागून तपासला. मागच्या चाकांचे आठ आठ नट आवळले, रेघा ओढल्या. जाताना म्हणाला, "आता चाकाला हात लावू नका. उघडलंच तर मला हाक मारा."

जुना ट्रॅक्टर मिरवणुकीत शोभावा म्हणून मी शहरातून एक रंगारी आणला. तो म्हणाला, चाकं जागेवर ठेवून रंग नीट बसणार नाही, काढून द्या. आम्ही काढली. त्यानं चाकांचे पत्रे आतून-बाहेरून चंदेरी रंगवले, नट बसतात त्या भोकांसकट. हात सढळ होता, रंगाचा थर जाड बसला. पूजेची वेळ होत आली तेव्हा रंग ओलाच होता. आम्ही तशीच चाकं चढवली, नट आवळले, आणि रंगाऱ्यानं नटांवरूनही एक हात फिरवला. लाल रेघा झाकल्या गेल्या. ट्रॅक्टर नव्या नवरीसारखा दिसत होता.

कचरूला हाक मारली नाही. दसऱ्याला त्यांची माणसं शहराजवळच्या बुद्ध लेणीवर जातात, तोही गेला होता, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी तो परत आला होता आणि त्याच्या शेडवरून मी तीन वेळा ट्रॅक्टर नेला. थांबलो नाही. थांबलो असतो तर रंग पाहून तो चारचौघांत काय बोलला असता, ते मला माहीत होतं. त्याचा अंदाजही होता मला: रंगावर आवळलेला नट म्हणजे लोण्यावर ठेवलेला पाय. रंग दबतो, सुटतो, आणि जेवढा थर गेला तेवढा नट ढिला.

पाचव्या दिवशी मी कापसाच्या वेचणीहून बायकांना घेऊन परत येत होतो. ट्रॅक्टर मीच चालवत होतो. ट्रॉलीत कापसाची गाठोडी आणि नऊ बायका. शेतातून रस्त्याला लागल्यापासून मागून आवाज येत होता. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक, कट्. मी कचरूच्या हातोडीशेजारी वर्षानुवर्षं उभा राहिलेला माणूस. तो आवाज कसला, हे मला कळलं होतं. मनात म्हटलं, गाव आलंच आहे, पोचल्यावर पाहू.

ओढ्याच्या उताराला डावं चाक कललं. पूर्ण निखळलं नाही, तीन नटांच्या शेवटच्या आट्यांवर लोंबकळत मडगार्डला टेकलं. ट्रॅक्टर तिथंच बसला. ट्रॉली मात्र रस्ता सोडून उलटली. आठ जणी खरचटण्यावर वाचल्या. कौसाबाईचा उजवा हात ट्रॉलीच्या फाळक्याखाली सापडला. चार बोटं गेली.

कौसाबाई म्हणजे कचरूच्या चुलतभावाची बायको. दोघांची घरं वस्तीत भिंतीला भिंत लागून. पंचक्रोशीत तिच्याइतका कापूस कोणी वेचत नसे.

तिला जीपमधून दवाखान्यात नेलं. सगळे तिच्यामागं गेले. मी ट्रॅक्टरजवळ एकटा राहिलो. चाकावर उरलेले तीन नट मी हातानं काढले, पानासुद्धा लागला नाही. त्यांच्या निमुळत्या बाजूला चंदेरी रंग चिखलासारखा लागला होता. वरचा रंग नखानं खरवडला तर खाली लाल रेघ होती, अर्धी. पत्र्यावरचा रंग खरवडला तर तिचा दुसरा अर्धा भाग भलत्याच जागी होता. रेघेवर रंग आणि नटाच्या आतल्या बाजूलाही रंग; कचरूनं काम केल्यानंतर ते नट कोणीतरी उघडले होते, हे सांगायला त्यापेक्षा मोठा साक्षीदार नको होता. मी ते तीन नट शेजारच्या विहिरीत टाकले. पत्र्यावरच्या रेघा दगडानं घासून काढल्या.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला हवालदार आला. त्यानं विचारलं, "चाकाचं काम शेवटचं कोणी केलं?"

मी म्हणालो, "कचरू मिस्तरीनं तपासलं होतं. दसऱ्याच्या आधी."

माझ्या वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. मी त्या वाक्यापुढं काही बोललो नाही, एवढंच. पुढचं सगळं गावानं आपण होऊन बोलून घेतलं. मी मोठा जमीनवाला, तो वस्तीतला मिस्तरी; कोणाचं खरं मानायचं यावर कोणाला क्षणभरही विचार करावा लागला नाही. चाकं आम्ही काढली होती हे माझ्या भावाला माहीत होतं, गड्यांना माहीत होतं. तेही गप्प बसले. रंगारी शहरातला, तो पुन्हा आलाच नाही.

कचरू त्याच दिवशी माझ्या दारात आला. "जय भीम" म्हणाला नाही. ती एकच वेळ.

"अण्णा, नट दाखवा."

"नाहीत."

"कुठं गेले?"

"हरवले."

"तिन्हीच्या तिन्ही?" तो म्हणाला. किती उरले होते ते त्यानं जागेवर जाऊन, बोल्टांचे आटे पाहून ओळखलं होतं. मी मान खाली घातली. 

"चाक रंगवलंय तुमी," तो म्हणाला. "लांबून दिसतंय. म्या काय कोरटात जात नाय. पन वस्तीत कौसा हाय. तिला एकदा सांगा. तिच्या तोंडावर सांगा, बस."

मी सांगितलं नाही.

गावातले ट्रॅक्टर त्याच्याकडं यायचे बंद झाले. 'कचऱ्याचं चाक' अशी एक म्हणच पडली; भरवसा नसलेल्या कोणत्याही गोष्टीला लोक तसं म्हणू लागले. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर शहरात जाऊन कारखान्यात लागला असता. मेहुण्यानं त्याला बोलावलंही होतं. कचरू म्हणाला, "गेलो तर ते म्हनतील, बघा, पळाला. हितंच बसतो. रोज दिसतो त्यांना." आणि पंधरा दिवसांत त्यानं शेडच्या पत्र्यावर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं: 'चाकाचे नट इथेच आवळून मिळतील'.

लोक थांबून वाचायचे आणि गार पडायचे. ज्या गोष्टीचा आळ, तिचीच पाटी. कोणीतरी म्हणालं, "मिस्तरी, जरा लाज धरा." तो म्हणाला, "लाज धरायला हात मोकळा नाय. एका हातात पाना हाय, दुसऱ्यात हातोडी." पिशोरकडचे, देवगाव रंगारीकडचे ट्रॅक्टरवाले त्या रस्त्यानं जायचे. त्यांना म्हण माहीत नव्हती, पाटी दिसायची. ते थांबू लागले. कोणी नाव विचारलं तर हा स्वतःच सांगायचा, "कचऱ्याचं चाक ऐकलंय का? त्यो कचरू म्या. बसा, तुमचं चाक बघू." एकदा थांबलेला माणूस दुसऱ्या मिस्तरीकडं जात नसे. मी माझा ट्रॅक्टर दुसरीकडं नेत होतो. शेडवरून जाताना मान वळवायचो. आणि शेडमधून हाक यायची, "जय भीम, अण्णा!" प्रत्येक वेळी. बावीस वर्षं. ती शिवी असती तर सोपं गेलं असतं.

धंदा सावरला. कौसाबाई सावरली नाही, म्हणजे त्याच्या बाबतीत नाही. ती डाव्या हातानं कापूस वेचायला शिकली. तिनं कचरूला कधी दोष दिला नाही, भांडली नाही. फक्त बोलायची बंद झाली. विहारात वंदनेला दोघं एकाच ओळीत बसत, आणि ती पदर तोंडावरून पुढं ओढून घेई. कचरूनं तिला आपली बाजू एकदाच सांगितली होती. ती म्हणाली होती, "मंग अण्णा खोटं बोलतेत व्हय?" या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर होतं, पुरावा नव्हता. पुरावा विहिरीत होता.

गेल्या वर्षी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. बरा झाल्यावर मी एकटाच एसटीनं फाट्यावर उतरलो आणि पहिल्यांदा त्याच्या शेडमध्ये शिरलो. कचरू सत्तरीला आलेला. शर्ट पांढरा. तो एका नट-बोल्टच्या डब्यावर बसला होता. दुसरा डबा त्यानं पायानं माझ्याकडं सरकवला.

मी म्हणालो, "कचरू, मी नट विहिरीत टाकले होते. माझ्या हातून पाप झालं. मला क्षमा कर."

तो पान्यावरचं ग्रीस पुसत राहिला. "हे तुमी मला सांगायला आलात?"

"हो."

"मला ठाऊकच हाय की. बावीस वर्सं ठाऊक हाय. मला सांगून काय उपेग?" त्यानं चिंधी बाजूला ठेवली. "गावात बोललात ना? मंग गावात बोला. हितं कानात कुजबुजून हलकं व्हायला आलात व्हय? माझा कान म्हंजी काय तुमची मोरी हाय?"

"लोक काय म्हणतील, घरचे..."

"अण्णा," तो म्हणाला, "तुमाला अजून पित्तच हाय."

आणि ट्रॅक्टरखाली शिरला.

त्यानंतर आठ महिन्यांनी सत्काराचं ठरलं. मी नको म्हणालो असतो तर कोणी आग्रह केला नसता. मी हो म्हणालो, कारण तिथं माइक असणार होता. स्टेज फाट्यावरच बांधलं, कचरूच्या शेडसमोर, रस्त्याच्या अलीकडं. बायकांच्या बाजूला, शेवटच्या ओळीत कौसाबाई बसली होती. भाषणं झाली. मला सत्यवचनी म्हटलं गेलं. कर्ण्यातून तो शब्द शेडपर्यंत गेला असणार, कारण तिथली ठोकाठोक एकदम वाढली.

मी उभा राहिलो. कागद आणला होता, तो काढला नाही. म्हणालो, "ओढ्याजवळ ट्रॉली उलटली होती, ती चूक कचरू मिस्तरीची नव्हती."

शेडमधली हातोडी थांबली. मी तिथंच अडलो.  मुलगा खालून खुणा करत होता, बसा, बसा. तेवढ्यात रस्त्यापलीकडून आवाज आला.

"मंग कोणाची व्हती?"

कचरू शेडच्या दारात उभा होता. सगळी गर्दी मागं वळली.

"माझी," मी म्हणालो.

"ऐकू नाय आलं!"

कर्णा त्याच्या डोक्यावर होता. तरी मी मोठ्यानं म्हणालो, "माझी!" मग सगळं सांगितलं. रंग, ओले नट, लाल रेघा, विहीर, हवालदाराला दिलेलं उत्तर. मुलगा उठून स्टेजवर आला आणि माझा दंड धरला. मी तो सोडवला. शेवटी म्हणालो, "कचरूनं आवळलेला नट आजवर सुटलेला मला माहीत नाही."

 मग सरपंच उठले, डोळे पुसत. "असं मन लागतं, मंडळी! अण्णा खरंच थोर." आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. सगळ्यांनी वाजवल्या. अशा टाळ्या मला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. साप्ताहिकातला फोटो तेव्हाचा.

कचरू रस्ता ओलांडून गर्दीत आला होता. "टाळ्या कशाच्या वाजवता?" तो ओरडला. "हितं काय लगीन लागलं का? बाईची बोटं गेली, त्याच्या टाळ्या व्हय?"

टाळ्या विरल्या. मग कौसाबाई उठली. ती चाळीस-पन्नास माणसांच्या पलीकडं होती आणि तिचा आवाज बारीक होता, पण कोणी हललं नाही.

"अण्णा, म्या तवा ट्रॉलीतून वरडले व्हते. कायतरी वाजतंय, थांबवा, म्हनून. दोनदा. तुमाला ऐकू आलं व्हतं का?"

हे मी भाषणात गाळलं होतं. वर ओढ्याचा प्रसंग लिहितानाही गाळलं. ते वाचकानं पाहून घ्यावं. सवय लागली की माणूस कबुलीतही जागा राखून ठेवतो. तिनं दोनदा हाक मारली होती. दुसऱ्या हाकेला मी ट्रॅक्टरची गती वाढवली होती.

"ऐकू आलं होतं," मी माइकवरून म्हणालो.

तिनं मान हलवली. बावीस वर्षं तिला तेवढंच विचारायचं असावं. मला ती पुढं एक शब्द बोलली नाही. पदर खोचला आणि ओळीतून बाहेर पडली. कचरूपाशी आल्यावर थांबली.

"घरला चला, भावजी. ऊन झालंय."

कचरूनं मागं वळून पाहिलं. मग म्हणाला, "शेड उघडं हाय माझं."

"ऱ्हाऊ द्या उघडं. कोन नेतंय?"

तो हात शर्टाला पुसत तिच्याबरोबर निघाला. वस्तीकडची वाट स्टेजवरून सरळ दिसते. वीस-पंचवीस पावलं दोघं नुसती चालली, ती पुढं, तो मागं. मग ती थांबली आणि तो बरोबरीला आल्यावर पुन्हा चालू लागली. इकडं सरपंचांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला, कारण आभारप्रदर्शन राहिलं होतं. तिकडं ती काहीतरी सांगत होती, डावा हात हवेत हलवून, भराभरा, आणि कचरू तिचं बोलणं मध्ये न तोडता ऐकत चालला होता.

त्यानंतर मी त्याला पाहिलेलं नाही.